कामरेजचा मुराळी

केतकीला नाही म्हणायचं असं मी तीन वेळा ठरवलं आणि तिन्ही वेळा हो म्हणून आले. ही केतकी तापीच्या पलीकडे राहते. वडील बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं एकदम स्वच्छ, आणि कुणी आवाज चढवला की हिचे डोळे लगेच भरतात. ती बायकांच्या एका संस्थेत काम करते. महिन्यातून दोनदा सुरतेच्या या टोकाला, आमच्या गोडादऱ्यात येते आणि आमच्या ओट्यावर फतकल मारून बसते. आम्ही खानदेशातून आलेल्या बायका तिथे साड्यांवर खडे चिकटवत असतो. बाजारातून साड्यांचा गठ्ठा माझ्याकडे येतो आणि मी तो गल्लीत वाटते, म्हणून गल्लीत माझं थोडं चालतं. थोडं माझ्या जिभेमुळेही चालतं, ते असो.

तर केतकीने एक सिनेमा आणला होता. कुठल्या तरी लांबच्या देशातला, डोंगरातला, कॉफी पिकवणाऱ्या गावांचा. त्या गावातल्या बायकांना नवरे मारतात, मुकादम छळतात आणि सगळं गाव माना खाली घालून कॉफी तोडत राहतं. भाषा तिकडची, खाली हिंदीत लिहून येतं. आता आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचं वाक्य अर्धं वाचून होतं तोवर पडद्यावर पुढचं आलेलं असतं. म्हणून केतकी म्हणाली, सुषमाताई, तुम्ही माईक घेऊन बसा आणि प्रत्येक वाक्य अहिराणीत सांगा. सोसायटीच्या वाडीत रविवारी दुपारी, जिथे आमची लग्नं-बारशी होतात तिथेच.

मी बारावीपर्यंत शिकलेली. वाचायची हौस आहे आणि माईकची तर त्याहून जास्त. हो म्हटलं.

केतकीने आधी तीन दिवस तिच्या लॅपटॉपवर तो सिनेमा मला दाखवला. थांबवत थांबवत मी वहीत एकेक वाक्य उतरवून काढलं. तिची एकच अट होती, मनाचं काही घालायचं नाही. जे लिहिलंय तेच सांगायचं, नाहीतर त्या बायकांवर अन्याय होईल, असं ती म्हणाली. मला तेव्हा हसू आलं होतं. इथल्या बायकांवरचा अन्याय संपला आणि आता आपण लांबच्या देशातल्यांची काळजी करायची, असं काहीसं मी बोलले. मग मलाच वाईट वाटलं.

सिनेमातल्या मुख्य बाईचं नाव इनेस. तिचा नवरा तिला मारायला लागला की शेजारचे लोक कॉफीची फळं सोलायचं यंत्र सुरू करतात. यंत्राच्या घरघरीत काही ऐकू आलं नाही असं सगळ्यांना म्हणता येतं. हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वही मिटून ठेवली आणि पाणी प्यायले. आमच्या गल्लीच्या मागे दिवसरात्र कापड विणायचे लूम चालतात. लूमच्या आवाजात शेजारच्या घरातलं काही कळत नाही असं इथेही सगळे म्हणतात. सगळं कळतं.

पण माझी गोष्ट त्या यंत्राशी अडली नाही, ती अडली दाराशी. सिनेमाच्या मध्यावर इनेस एक गाठोडं घेऊन, डोंगर उतरून आईच्या घरी येते. आई अंगणात सुपात बिया निवडत असते. ती मान वर करत नाही. एवढंच म्हणते, तुला घर आहे, अंधार पडायच्या आत जा. हे वाक्य मी वहीत लिहिलं आणि पुढे गेले. तीन दिवसांत तीनदा वाचलं, तिन्ही वेळा नीट वाचलं. मला वाटलं, जमलं.

आता माझ्या बहिणीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

नूतन माझ्याहून सात वर्षांनी लहान. आम्हाला भाऊ नाही. ती सुरतेतच वाढली, पण आबांनी तिला नंदुरबारच्या बाजूच्या एका खेड्यात दिली, शेतीवाडी बघून. पहिल्या वर्षापासून तिचा नवरा मारायचा. आम्हाला माहीत होतं. माहीत असूनही दर फोनवर आम्ही तिला हवापाणी विचारत होतो.

आमच्यात आखाजीला लेकी माहेरी येतात. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्यासाठी तो लेकींचाच सण. झोके, गौराईची गाणी, सांजोऱ्या, आमरस. आणि लेक आपली आपण येत नाही. माहेरून मुराळी जातो, आमच्या बोलीत मुराई. तो सासरच्या दारात उभा राहतो, आमच्या लेकीला पाठवता का म्हणून विचारतो, सासरचे लोक हो म्हणतात, त्याला जेवू घालतात आणि मग लेक त्याच्यासोबत निघते. मुराळ्याविना लेक आली, की गल्ली समजून जाते, काहीतरी बिनसलंय.

नऊ वर्षांपूर्वी आखाजीच्या चार दिवस आधी नूतन एकटी आली. भुसावळकडून येणाऱ्या गाडीने, हातात एक प्लास्टिकची पिशवी. उजवं मनगट सुजून हिरवं पडलं होतं. मी तेव्हा मायकडेच होते. दुपारची वेळ, गल्लीतल्या सगळ्या बायका ओट्यावर. माय दारातच म्हणाली, "मुराई परवा येवाना व्हता. एकलीच कशी उनी तू?"

कुणी तिला हाकललं नाही. हे मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले. पाणी दिलं, हाताला हळद लावली, जेवू घातलं. मग आबा, माय आणि मी बसलो आणि ठरवलं, की आज संध्याकाळच्या गाडीने तिने परत जावं. परवा चुलतभाऊ किसन रीतसर मुराळी म्हणून जाईल आणि तिला घेऊन येईल. मग हवं तर ती महिनाभर राहील, हवं तर परत जाणारही नाही, ते बघू. पण येताना रीतीने येईल. दोन दिवसांचा तर प्रश्न होता. आमच्या डोक्यात तेव्हा ते अगदी शहाणपणाचं वाटलं. आजही कुणी ऐकलं आणि तो आमच्यातला असला, तर त्याला ते वेडेपणाचं वाटणार नाही.

नूतनने पिशवी परत उचलली. मीच तिला उधना स्टेशनवर गाडीत बसवून आले. खिडकीची जागा मिळाली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं.

दोन दिवसांनी किसन गेला. त्याला अंगणाच्या बाहेरच उभं केलं. यंदा नाही, पुढल्या साली पाठवू, असं सांगून सासूने दार लावलं. त्या दोन दिवसांत तिचं काय झालं हे नंतर तुकड्यातुकड्यांत कळलं, आणि ते मी इथे सांगणार नाही, तिचं ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. पावसाळ्यात ती तिथून निघाली. आमच्याकडे आली नाही. कामरेजला गेली, हायवेवरच्या एका रोपवाटिकेत कामाला लागली, एक खोली घेतली. मायला एकदाच फोन केला. पत्ता सांगितला आणि म्हणाली, मुराळी धाडा, मी येते.

आबा म्हणाले, "मुराई कोना दारशे धाडू? तिनी सासर सोडी दिन्हं."

त्यांचंही चुकत नव्हतं, रीतीच्या भाषेत. मुराळी सासरी जातो. जिला सासर नाही तिच्या घरी जाऊन परवानगी मागायची कुणाची? आबा तिच्यावर रागावले होते असं नाही, ते अडले होते. आणि नूतन अडली होती. न बोलावता यायचं नाही हे तिला आम्हीच शिकवलं होतं, मनगट धरून शिकवलं होतं. गोडादरा ते कामरेज सिटी बसने तासाभराचा रस्ता. त्यावर आम्ही नऊ वर्षं घालवली. दर आखाजीला माय एक ताट जास्तीचं वाढायची आणि मग ते मुकाट्याने डब्यात भरून ठेवायची.

मी दोनदा कामरेजपर्यंत जाऊन आले. दोन्ही वेळा चौकडीवर, म्हणजे हायवेच्या चौकात उतरले, उसाचा रस प्यायले आणि परतीच्या बसमध्ये बसले. तिच्यासमोर उभं राहायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागणार, आणि मला, गल्लीला गप्प करणाऱ्या मला, एक शब्द सुचत नव्हता. तिची आठवण यायची ती फार साध्या वेळी. खड्यांचा रंग निवडताना. ती लहान असताना माझ्या पाठीला पाठ लावून झोपायची, तर कधी कधी मला कुशीवर वळताना उगीच वाटायचं की मागे ती आहे.

रविवारी वाडीत साठ-सत्तर बायका जमल्या. पंखे फिरत होते पण वारा गरम होता. मायला मी येऊ नको म्हणून सांगितलं होतं. पाय दुखतात, चार वाजेपर्यंत खाली बसवणार नाही, अशी चार कारणं दिली होती. ती आली आणि पहिल्या सतरंजीवर, माझ्या बरोबर समोर बसली. मुलगी माईकवर बोलणार म्हणून नवी साडी नेसून आली होती.

सुरुवातीला मजा आली. लाल फळांनी लगडलेली झाडं दिसली तेव्हा गल्लीतल्या शोभाबाईंनी विचारलं, ही करवंदं का. मी म्हटलं, कॉफी. त्यांचा विश्वास बसेना. कॉफी म्हणजे लग्नात मशीनमधून फेस येणारी, ती झाडाला कशी लागेल. सगळ्या हसल्या. मग पहिला मार पडला आणि यंत्र सुरू झालं, आणि हसणं थांबलं. पुढे पुढे मला जाणवलं की बायका पडद्याकडे बघतायत पण ऐकतायत मला. मी सांगितलेलं त्यांच्या कानात पडत होतं आणि चेहऱ्यावर उमटत होतं. मला त्याची नशाच चढली, खोटं कशाला सांगू.

मग इनेस गाठोडं घेऊन डोंगर उतरायला लागली.

मला पुढचं माहीत होतं. वहीत ते पान उघडं होतं. आईचं अंगण आलं, सूप आलं, इनेस दाराशी उभी राहिली. आई बोलली, खाली हिंदी अक्षरं आली. मी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच धरून राहिले. समोर माय होती. पदर हातात गोळा करून ती पुढे झुकली होती.

"काय बोलनी ती माय?" तिने विचारलं. "सांग ना."

मी म्हटलं, "ती म्हनस, ये पोरी. घरमा ये. बठ."

मी ठरवून खोटं बोलले नाही. मला फक्त वाटलं, एकदा, एवढ्या जगात कुठे तरी एकदा, त्या दारातून दुसरं काहीतरी बोललं जावं. सत्तर बायकांनी एकदम श्वास सोडला. कुणी तरी मागे म्हणालं, बरं झालं बाई.

आणि पडद्यावर इनेसने गाठोडं उचललं, वळली, आणि आल्या वाटेने चालू लागली.

वाडीत चुळबुळ सुरू झाली. शोभाबाई मोठ्याने म्हणाल्या, "मंग ती माघारी कसाले जाई रायनी?" दुसरी म्हणाली, आईने तर बोलावलं ना. तिसरीने सांगितलं, काही तरी राहिलं असेल घरी. सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. मी एका हातात माईक धरून वहीची पानं उलटू लागले. केतकी कोपऱ्यातून उठून उभी राहिली.

तेवढ्यात माय उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पडद्याकडेच पाहत राहिली.

"ही खोटं सांगी रायनी," ती म्हणाली. "ती माय तशी नही बोलनी. ती काय बोलनी ते माले माहीत शे."

एवढं बोलून ती परत खाली बसली. मी माईक तोंडाशी नेला आणि वहीतलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तुले घर शे. अंधार पडाना पहिले जाय. उरलेला तासभर मी सांगत राहिले, पण काय सांगितलं ते मला आज आठवत नाही. शेवटी त्या सगळ्या बायका रिकाम्या टोपल्या घेऊन वजनकाट्याच्या आवारात बसतात आणि उठत नाहीत, एवढं आठवतं. नंतर केतकीने माझ्या पाठीवर हात ठेवला. अट मोडल्याबद्दल ती काही बोलली नाही.

घरी जाताना माय माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. पाय दुखत असताना ती इतकी भरभर कशी चालते कोण जाणे. दाराशी पोचल्यावर म्हणाली, आखाजी तोंडावर आलीय, उद्या कामरेजला जायचं. आबा खाटेवर बसले होते. त्यांनी विचारलं, कशाला. मुराळी म्हणून, माय म्हणाली. आबांनी समजावलं, की मुराळी बाई नसते, आईबाप तर कधीच नसतात, आणि मुळात तिथे विचारायचं कुणाला. माय पिठाचा डबा काढत होती. ती म्हणाली, घरात जो राहतो त्याला विचारायचं. रात्रीपर्यंत तिने सांजोऱ्या केल्या, मुराळ्याने न्यायच्या तशा मोजून नाही, डबा भरून.

सोमवारी आम्ही निघालो. परवत पाटियापर्यंत रिक्षा, पुढे बस. बसमध्ये माय खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिच्या मांडीवरच्या डब्याकडे. चौकडीवर उतरून विचारत विचारत गेलो. टायरच्या दुकानामागे खोल्यांची एक रांग होती. शेवटच्या खोलीपुढे डालडाच्या डब्यांत मोगरा आणि कढीपत्ता लावलेला. नूतन दारात बसून कुंड्यांमध्ये माती भरत होती. सोमवारी तिला सुटी असते हे आम्हाला ठाऊकही नव्हतं, नशिबाने भेटली.

तिने वर पाहिलं. कपाळावरचे केस पांढरे झाले होते. चौतिसाव्या वर्षी. उजवं मनगट जरासं वाकडं, पण हात झरझर चालत होते. ती उठली आणि दाराच्या मधोमध उभी राहिली. ये म्हणाली नाही आणि जा म्हणाली नाही.

मला वाटलं माय आता रडेल, तिच्या गळ्यात पडेल. मी स्वतः तर त्या बेतातच होते. माय अंगणातच थांबली. तिने पदर सारखा केला, डबा दोन्ही हातांत धरला आणि किसन नऊ वर्षांपूर्वी जे बोलला असेल, तिच्या बापाच्या काळापासून सगळे मुराळी जे बोलत आले, ते ती बोलली.

"आखाजीना सण शे. आमनी पोर ली जावाले उनूत. धाडशात का?"

नूतन तिच्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "बठा. इचारीसन सांगस."

आणि आत गेली. खोली ती केवढी, आत कुणी नाही, हे बाहेरूनही दिसत होतं. आम्ही पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग नळाचा. माय डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत होती. मला तेव्हा कळलं, की नूतनला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लग्न ठरवताना नाही, गाडीत बसवताना तर नाहीच. आता तिला विचारलं होतं आणि ती आत बसून खरोखर विचार करत होती.

ती बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "यंदा नही. पुढला सालले धाडसूत."

सासूने किसनला दिलेलं उत्तर तिने तसंच्या तसं दिलं होतं. मला राग आला, खरं सांगते. नऊ वर्षांनी म्हातारी दारात आलीय आणि ही नाटकं करते. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, हिला नाही म्हणायचा हक्क नको का. नाही म्हणता येत नसेल तर विचारण्यात काय अर्थ होता.

माय रागावली नाही. मुराळी रागावत नसतो. तिने मान हलवली आणि मग विचारलं, "मंग माले ठेवशी का?"

नूतनने डबा तिच्या हातातून घेतला. तेवढंच उत्तर. मग आम्ही आत गेलो. तिने वरणभात केला, सांजोऱ्या वाढल्या, मायच्या पायाखाली उशी ठेवली. माझ्यासमोर ताट ठेवलं, पाणी ठेवलं, भात संपला तेव्हा न विचारता वाढला, पण माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. मी दोनदा तिचं नाव घेतलं. एकदा ती पाणी आणायला उठली आणि एकदा मोगऱ्याकडे गेली. माझ्या हातून जे झालं त्याला उधना स्टेशन हे नाव आहे, आणि ते ती विसरलेली नव्हती. जेवून मी एकटी निघाले. कोपऱ्यावरून वळून पाहिलं, तर दारात माय उभी होती आणि हात हलवत होती. नूतन दिसली नाही. बस येईपर्यंत मी रस्त्याकडे बघत होते, कुणी मागून हाक मारेल म्हणून. मग बस आली.

आबांना मी जसं झालं तसं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे तुझी माय तिकडे राहिली? हो. कधी येणार? मी म्हटलं, ते तिला आणायला कोण जातो त्यावर आहे. ती आता त्या घरची पाहुणी आहे, आपण होऊन कशी येईल. हे मी थोडं खोचून बोलले. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की लगेच जीभ चावली.

दोन दिवस ते माझ्याकडे जेवले. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, दुसऱ्या दिवशी जास्त आहे म्हणाले. योगेंद्र, माझा नवरा, मिलमधून येऊन त्यांच्याशी क्रिकेटवर बोलायचा प्रयत्न करायचा, तर ते हं हं करून गप्प. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माय कधी त्यांना सोडून राहिली नव्हती, माहेरीसुद्धा नाही, कारण तिचे आईबाप लवकर गेले.

आखाजीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते माझ्या दारात आले. दाढी केलेली, पांढरा सदरा, टोपी. मी साडीवर खडे लावत होते, संध्याकाळपर्यंत गठ्ठा द्यायचा होता. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी विचारलं, "तिनी नही म्हनं तं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. लूमवर आयुष्य काढलेला माणूस, एका कानाने ऐकू येत नाही, मालकासमोर कधी वाकला नाही, आणि आता स्वतःच्या लेकीच्या दाराला भ्यायला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "नही म्हनी तं माघारी येवानं, आबा. आम्हीबी गयलूत."

त्यांनी बसचा नंबर विचारला. कागदावर पत्ता लिहून घेतला, तो टोपीत ठेवला आणि गेले.

दुपार झाली. गल्लीत लेकी आल्या होत्या. दोन झोके बांधले होते, गाणी चालू होती. शोभाबाईंची मोठी धुळ्याहून आली होती, तिचा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता. मी दार अर्धं लोटून खडे लावत राहिले. हिरवा, पांढरा, हिरवा. मायचं घर बंद, माझं घर रिकामं, योगेंद्र पाळीवर. आबा पोचले असतील, दारात उभे असतील, नूतन आत विचारायला गेली असेल. ती काय उत्तर देईल ते मी दहा प्रकारे मनात बोलून पाहिलं. दहापैकी एकातही माझं नाव येत नव्हतं, आणि त्याचं मला इतकं वाईट वाटत होतं की मी स्वतःवरच चिडले.

अडीचच्या सुमाराला मायच्या फोनवरून फोन आला. मी म्हटलं, हां माय, काय झालं. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता आणि आबांचं खोकणं. मग जो आवाज आला तो मायचा नव्हता.

"आबा जेवी रायनात," नूतन म्हणाली. "जेवन व्हयनं का तुले लेवाले धाडस. तयार ऱ्हाय, ताई."

आणि फोन ठेवला. मला हो म्हणायलाही वेळ दिला नाही.

माझं सासर मायच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. लग्नाला बावीस वर्षं झाली. पिठाचे हात पुसत मी माहेरी जाते आणि दूध उतू जायच्या आत परत येते. मला आणायला आजवर कधी कुणी आलं नव्हतं, यायचं कारणच नव्हतं. आता माझं माहेर कामरेजला होतं, टायरच्या दुकानामागे, शेवटच्या खोलीत. आणि तिथून माझ्यासाठी मुराळी निघत होता.

गठ्ठा अर्धा राहिला होता. तो तसाच गुंडाळून कोपऱ्यात सारला. बोटांवरचा गोंद घासून घासून काढला, केस विंचरले, बासनातली चांगली साडी काढून नेसले. पिशवीत दोन कपडे भरले. शेजारी किल्ली दिली आणि योगेंद्रला निरोप ठेवला, मी माहेरी जाते. आबांना यायला अजून दीड तास तरी होता. मी दार सगळं उघडलं आणि उंबऱ्याच्या आत, रस्ता दिसेल अशी, पिशवी मांडीवर घेऊन बसले.